तीन दिवसांच्या गोळ्या

अकेसा पाचव्यांदा लघवीची बाटली घेऊन दवाखान्याच्या दारात उभी राहिली तेव्हा माझं डोकंच फिरलं. चार महिन्यांत पाच वेळा म्हणजे काय? बाटली नेहमीसारखी केळीच्या पानात गुंडाळलेली, वर टॉवेल टाकलेला, चोरीचा माल आणल्यासारखी. नजर खाली. भावाच्या बायकोची नजर नणंदेपुढे खालीच असते, त्यात नवल नाही. पण ती सारखी या पायावरून त्या पायावर होत होती आणि तिच्याकडे बघून मलाच बसवेना.

या बेटावर मी तेवीस वर्षं नर्स आहे. डॉक्टर नाही, दुसरं कुणी नाही, मीच. बाळंतपण मी करते, टाके मी घालते, मेलेल्याचे डोळेही मीच मिटते. माझं नाव फुसी, पण त्या नावाने हाक मारणारे आता थोडेच उरलेत. अकेसा माझ्या धाकट्या भावाची, लोपेतीची बायको. आम्हा टोंगावाल्यांत बहिणीचा मान भावाच्या वर, आणि थोरल्या बहिणीचा तर विचारूच नका. भावाच्या घरातली कुठलीही वस्तू मी उचलून नेली तर कुणी हूं की चूं करणार नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात सगळ्यांत वरच्या चटईवर मीच बसले होते. एवढा सगळा मान, आणि वेळेला तोच आडवा आला, हेच सांगायला बसलेय.

"पुन्हा जळजळ?" मी विचारलं.

"हो, वन्सं."

"पाणी पितेस का?"

"पिते, वन्सं."

"मग जातं कुठे ते?"

मी बाटलीत पट्टी बुडवली. साखरेचा चौकोन गर्द तपकिरी झाला, पूचा जांभळा. गेल्या चार वेळेसारखाच. मी सुस्कारा टाकला आणि रजिस्टर ओढलं.

दर सोमवारी चर्चच्या बायकांपुढे मी हेच तर सांगते. बायांनो, आपली लघवीची वाट बोटाच्या दोन पेरांएवढी. जंतूंना चढायला वेळ लागत नाही. त्यात रक्तात साखर असेल तर जंतूंना मेजवानीच. म्हणून मधुमेहाच्या बाईला हे दुखणं पुन्हा पुन्हा होतं, आणि वेळीच आवरलं नाही तर ते वर किडनीपर्यंत जातं. लाजू नका, बाटली आणा, तीन दिवसांच्या गोळ्या घ्या, मोकळ्या व्हा. मग पाठीमागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, पुरुषांना होत नाही का हो? त्यांची वाट लांब, मी सांगते, त्यांना सहसा होत नाही. बायका हसतात आणि आपल्या नवऱ्यांची नावं घेऊन काहीबाही बोलतात. ‘सहसा’ हा शब्द मी दर वेळी म्हणायचे, पण त्याच्यापुढे कधी काही सांगितलं नाही. पुरुष माझ्यापुढे कधी बसायचेच नाहीत.

कसे बसतील? निम्मं गाव माझं भाऊ लागतं. सख्खे, चुलत, मावस, आते, मामे, आमच्याकडे सगळे भाऊच. आणि भाऊ-बहीण वयात आले की एका छपराखाली झोपत नाहीत, एकमेकांसमोर पोटाखालचं काही बोलत नाहीत. चारचौघांत कुणाला वात्रट विनोद करायचा असेल तर आधी तो विचारून घेतो, इथे कुणाची बहीण बसलीय का. म्हणून महिन्यातून एकदा मोठ्या बेटावरून हेल्थ ऑफिसर येतो, तो पुरुषांना तपासतो. त्याला आणणारी बोट लोपेतीची, सोडणारीही त्याचीच. ऑफिसर तपासत असतो तेव्हा लोपेती खाली धक्क्यावर इंजिन उघडून बसलेला असतो. मला वाटायचं, काय हा कामसू माणूस.

तर अकेसाकडे येते. पहिल्यांदा ती बाटली घेऊन आली तेव्हाच लघवीत साखर निघाली. रक्ताची साखर बघायचं यंत्र कपाटात होतं, पण त्याच्या पट्ट्या संपलेल्या, आणि मोठ्या बेटावरून येतील येतील म्हणत चार महिने आल्या नव्हत्या. मी म्हटलं, हिला मधुमेह आहे. आमच्याकडे ज्याला त्याला तोच असतो, शंका कशाला घ्यायची? साखरेच्या गोळ्या चालू केल्या, जंतूंच्या गोळ्या तीन दिवसांच्या दिल्या, आणि चांगलं फैलावर घेतलं. टिनचं मांस बंद, मटणाची चरबी बंद, रताळी आणि तारोचे कंद मोजून. ती मान डोलावत राहिली. चार-पाच आठवड्यांनी पुन्हा बाटली. पुन्हा तीन दिवस, पुन्हा फैलावर. आणि आज पाचवी.

त्याच सकाळी पट्ट्यांचं खोकं आलं होतं. मी म्हटलं, चला, एकदा रक्तही बघून टाकू.

"बोट दे."

"नको, वन्सं."

"सुईला घाबरतेस? तीन पोरं झाली तुला."

तिने हात मागे नेला. मी तो ओढून घेतला आणि टोचला. यंत्रावर आकडा आला साडेपाच, आणि आमच्या मोजमापात आठच्या आत म्हणजे साखर ठीक. मला वाटलं, पट्टी खराब असेल. दुसरी लावली, दुसरं बोट टोचलं. पुन्हा साडेपाच. माझ्यापेक्षा बरी साखर होती तिची. मी बाटलीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. बाटलीत साखरेचा पाक आणि अंगात टिपूस नाही, असं होत नाही.

मी एक रिकामी बाटली तिच्या हातात दिली आणि मागच्या संडासाकडे बोट दाखवलं. ती हलेना. मी म्हटलं, जा. नणंदेने जा म्हटल्यावर जावंच लागतं. ती गेली आणि थोड्या वेळाने परत आली. पट्टी बुडवली तर पट्टीचा रंगसुद्धा बदलला नाही. स्वच्छ पाणी.

"अकेसा, ही पहिली बाटली कुणाची?"

तिने टॉवेलाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"वन्सं, मला विचारू नका. तुमच्या पाया पडते."

तिच्या घरात माणसं तीन. ती, शाळेत जाणारी धाकटी मुलगी, आणि माझा भाऊ. मला विचारायची गरजच उरली नाही. मी तशीच स्टुलावर बसले आणि लगेच उठले. तिला म्हटलं, घरी जा. गोळ्या दिल्या नाहीत. मला जे कळलं ते मला कळायला नको होतं. बहिणीने भावाची लघवी बाटलीत धरून उजेडात बघितली, पाच वेळा. हे त्याला कळलं असतं तर तो त्या दिवशी बोट घेऊन निघून गेला असता आणि पुन्हा या बेटावर पाऊल ठेवलं नसतं. मी थट्टा करत नाही, असं घडलेलं आहे.

त्या दिवसभर माझ्याकडून एक काम धड झालं नाही. एका पोराला लसीचं इंजेक्शन द्यायचं तर बाटली दोनदा तपासून पुन्हा खाली ठेवली. सगळं आठवायला लागलं. लोपेती चर्चमध्ये पहिल्या रांगेत गातो, जाड आवाजाचा, आणि या वर्षात दोनदा भजन अर्धवट टाकून बाहेर गेला होता. आम्ही कपड्यांवरून कमरेला चटई गुंडाळतो, ती हल्ली फार आवळून बांधायचा. बोटीत पाण्याचा मोठा कॅन ठेवायचा आणि परतताना तो रिकामा असायचा. हे सगळं मी बघितलं होतं. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर दारातच धरला असता त्याला. आपल्या भावाकडे बघायचंच नसतं, म्हणून डोळे असून आंधळी झाले.

आणि गोळ्या. देवा रे, गोळ्या. बाईच्या त्रासाला तीन दिवस पुरतात, कारण तिची वाट आखूड, जंतू खालच्या खाली मरतात. पुरुषाला हे दुखणं झालं म्हणजे आत काहीतरी अडलेलं असतं. प्रोस्टेटची ग्रंथी सुजलेली असते, खडा असतो, साखरेने लघवीच्या पिशवीच्या नसा मेलेल्या असतात. तिथे तीन दिवसांच्या गोळ्या म्हणजे जंतूंना नुसतं खिजवणं. अर्धे मरतात, उरलेले शहाणे होतात आणि वर चढतात. हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. चार वेळा मी माझ्या भावाला बाईचं औषध दिलं आणि वर त्याच्या बायकोला पाणी पीत नाहीस म्हणून झापलं.

हेल्थ ऑफिसर नुकताच येऊन गेला होता, म्हणजे तीन आठवडे तरी येणार नव्हता. तसंही लोपेती त्याच्यापुढे बसला नसताच. ऑफिसर लिहितो ते रजिस्टर शेवटी माझ्याच टेबलावर येतं. मोठ्या बेटावर हॉस्पिटल आहे, तिथे तो आठवड्यातून दोनदा पेशंट घेऊन जातो, पण तिथली चिठ्ठीही फिरून माझ्याकडेच यायची. त्याने सगळ्या वाटा तपासल्या असणार. प्रत्येक वाटेच्या टोकाला मी बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी पाद्री मासिमाकडे गेले. म्हातारा समजूतदार आहे. मी कुणाचं नाव घेतलं नाही. म्हटलं, पुरुष मंडळी संध्याकाळी कावा, आपलं ते मुळीचं गुंगीचं पेय, प्यायला बसतात तेव्हा जरा विषय काढा, लघवीला जळजळ होत असेल तर अंगावर काढू नका म्हणावं, साखर असलेल्याने तर अजिबात नाही. मासिमाने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि बरं म्हणाला. त्याने विषय काढलाही. दुसऱ्या सकाळी तोंड पाडून सांगायला आला. म्हणे, कुणीतरी म्हणालं की ते दुखणं बायकांचं, फुसी नर्स सोमवारी त्यांना तेच शिकवते, आपली वाट लांब. सगळे मांड्या थोपटून हसले. सगळ्यांत मोठ्याने लोपेती हसला आणि मग उठून झाडामागे गेला, तो बराच वेळ आला नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझंच वाक्य.

मी तडक अकेसाला बोलावणं पाठवलं. ती आली, हात रिकामे. मी दार लावून घेतलं, तिला बाकावर बसवलं आणि रजिस्टर उघडलं. ती येईपर्यंत मला सुचत नव्हतं की कसं विचारायचं, ते तिचा चेहरा बघून सुचलं.

"अकेसा, तुला पाठीत दुखतं का?"

तिने मान वर केली. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. मग हळूच म्हणाली, "दुखतं, वन्सं. उजवीकडे, बरगडीखाली. हात लावू देत नाही."

"ताप?"

"परवापासून. काल दुपारी उन्हात हुडहुडी भरली. दोन चटया अंगावर घेतल्या तरी दात वाजत होते."

"लघवी धारेने होते?"

"थेंब थेंब. कालपासून तेवढीही नाही. सकाळी अर्धा तास झाडाशी उभी होते." ती थांबली, गालावरून हात फिरवला. "पोट खाली टणक झालंय, वन्सं. दगड ठेवल्यासारखं."

"उलटी?"

"दोनदा. म्हणते, कावा जास्त झाला."

मी एकेक लिहून घेतलं. साखर, ताप, पाठीत कळ, लघवी तुंबलेली. हे आता गोळ्यांचं काम नव्हतं, तीन दिवसांच्या नाही आणि चौदा दिवसांच्याही नाही. नळी घालून पिशवी मोकळी करायला हवी आणि शिरेतून औषध जायला हवं. आजच. उद्यावर गेलं तर दोन्ही किडन्या बसतील, आणि बसल्या की आमच्या बेटावर त्याला उपाय नाही. ज्याचं न्यूझीलंडला कुणी आहे तो जातो, बाकीच्यांसाठी मासिमा येतो.

"तुला हॉस्पिटलात जायला हवं," मी म्हटलं.

"मी म्हटलं तर येणार नाहीत," ती म्हणाली. ‘मी जाणार नाही’ असं स्वतःवर घेऊन बोलायचं सोंगही तिला आता जमेना. "मी पुष्कळ रडले, वन्सं. म्हणतात, ताईच्या कानावर गेलं तर मी तोंड कुठे लपवू. तुम्हाला फसवलं ते मीच, पण मला दुसरं काही सुचलंच नाही हो. निदान औषध तरी पोटात जाईल म्हटलं."

मला तिला थोबाडीत मारावीशी वाटली आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, चल. तुझे कपडे भर, धक्क्यावर ये, आणि तोंड शिवून ठेव.

लोपेती धक्क्यावर पिंपावर बसला होता. चेहरा राखेसारखा, उन्हात जाड जाकीट घातलेलं. मला बघून उभा राहिला, नजर बाजूला. मी दहा पावलं लांब थांबले आणि म्हटलं, मला बरं नाही, पोटात फार दुखतंय, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात सोड. एवढंच. कारण विचारायचं नाही, बहिणीने सांगितलं म्हणजे करायचं, हा कायदा माझ्या आजीच्या आजीपासूनचा आहे. आजवर तो मी कधी वापरला नव्हता. त्या दिवशी वापरला, तोही खोटं बोलून.

त्याने हूं म्हटलं आणि दोर सोडायला वाकला. वाकताना त्याच्या तोंडून आवाज निघाला. मी ऐकलाच नाही असं केलं.

दोन तासांचा समुद्र. मी पुढे, त्याच्याकडे पाठ करून, नेहमी बसते तशी. अकेसा मध्ये. इंजिन तो धरून. मागे वळून बघायची मला चोरी. इंजिनाचा आवाज मंदावला की मी आकडे मोजायला लागायचे, पुन्हा वाढला की थांबायचे. एकदा त्याला ओकारी आल्याचं ऐकू आलं, पाण्यात काहीतरी पडलं, आणि बोट जराशी भरकटून पुन्हा सरळ झाली. मी कमरेच्या चटईचं टोक मुठीत आवळून बसले होते. मग मागून त्याचा आवाज आला. अकेसाला म्हणत होता, पण मला ऐकू येईल असा.

"ताईंना विचार, फार दुखतंय का. म्हणावं, घाबरू नका, मी पोचवतो."

अंगात ताप, पोटात तुंबलेलं, आणि हा माणूस माझ्या पोटदुखीची काळजी करत होता. मी समोर बघत मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाऱ्यावर गेलं.

त्याने पोचवलं. बोट धक्क्याला लावली, दोर टाकला, गाठ मारली, आणि त्या गाठीवरच पडला.

पुढचं सगळं घाईत झालं. हॉस्पिटलातली डॉक्टर एलेनोआ म्हणून तरुण मुलगी आहे, बोलायला फटकळ. रक्तातली साखर सत्तावीस. नळी घातली तर पिशवीतून दीड लिटर निघालं, गढूळ, लालसर. उजवी किडनी सुजलेली, ताप उतरायला तयार नाही. एलेनोआ खाटेशी उभी राहून विचारायला लागली, त्रास कधीपासून, आधी काय औषध झालं, कुणी दिलं. लोपेतीचे डोळे अर्धवट उघडे होते. अकेसाने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझ्यासमोर ती नवऱ्याच्या शरीराबद्दल बोलणार नव्हती, आणि तो तर नाहीच नाही.

मला बाहेर जाता आलं असतं. मी बाहेर गेले असते तर कदाचित अकेसाने सांगितलंही असतं. पण काय दिलं, किती दिलं, कधी दिलं, हे फक्त मला माहीत होतं.

"चार महिन्यांपासून," मी म्हटलं. "चार वेळा गोळ्या झाल्या. तीन-तीन दिवसांच्या."

"पुरुषाला तीन दिवसांचा कोर्स?" एलेनोआ माझ्याकडे वळली. "मधुमेही पुरुषाला? असल्या माणसाला निदान दोन आठवडे, आणि आत काय अडलंय ते बघितल्याशिवाय सोडायचंही नाही. हे कुणी केलं?"

"मी."

मग मी सगळं सांगितलं. बाटल्या, पट्ट्या, साखर, पू, थेंब थेंब, झाडाशी अर्धा तास. एकेक शब्द. माझ्या भावाच्या खाटेपासून दोन हातांवर उभी राहून. तो ऐकत होता. मी सांगून संपवलं तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे केलं, नळ्यांसकट, हळूहळू.

पुढचे तीन दिवस त्याने ते तोंड वळवलं नाही. अकेसाकरवी निरोप पाठवला, ताईंना म्हणावं घरी जा, दवाखाना उघडा पडलाय. मी गेले नाही. पुरुषांच्या वॉर्डात त्याच्या खाटेभोवती पडदा होता, पडद्याबाहेर बाक होता, मी त्यावर बसायचे. बसायचे कसली, उठायचे आणि बसायचे. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचे, परत यायचे. मला वाटायचं, हा जगला तर माझ्याशी जन्मात बोलणार नाही. मग वाटायचं, न बोलू दे, जगू दे. मग पुन्हा राग यायचा. एवढा मोठा घोडा झाला, अक्कल नाही, शरमेपायी जीव द्यायला निघाला होता. आणि त्या रागात मीही अर्धी वाटेकरी होते, हे कळून तो राग कुठे ठेवावा ते कळायचं नाही.

चौथ्या दिवशी ताप उतरला. सकाळी एलेनोआने नळी काढली आणि बाहेर येऊन मला सांगितलं, नर्स म्हणून सांगितलं, आडपडदा न ठेवता. किडनीचे आकडे अजून वाईट आहेत पण वाढायचे थांबलेत. आता संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःहून लघवी झाली तर इथेच औषधावर निभावेल. नाही झाली तर उद्याच्या विमानाने राजधानीत न्यायचं, ऑपरेशन, आणि या साखरेवर ऑपरेशन म्हणजे मी कसलीच खात्री देत नाही.

अकराला काही नाही. बाराला नाही. एकला अकेसाने आत डोकावून मान हलवली, नाही. तिचं तोंड उतरलं होतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी तिला बळंच बाजारात पाठवलं, काहीतरी खाऊन ये म्हटलं. वॉर्डची नर्स दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी जखमेत गुंतलेली. पडद्याआड खाट करकरली. पुन्हा करकरली. मी बाकाची कड धरून बसले. काहीतरी विचारावं, पाणी प्यायलास का, आवाजासाठी नळ सोडू का, कुणाही पेशंटला विचारलं असतं ते. तोंड उघडलं आणि मिटलं. घड्याळात दोन वाजून गेले होते.

"ताई."

मी दचकले. चार दिवसांत त्याने मला हाक मारली नव्हती.

"काय रे?"

पडद्याचं खालचं टोक पंख्याने हलत होतं. मला वाटलं, घरी जा म्हणणार.

"लघवी झाली," तो म्हणाला.

पंचावन्न वर्षांची मी, एक्कावन्नचा तो. इतक्या वर्षांत भावाच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता, आणि आमच्या गावात कुठल्याच बहिणीने ऐकला नसेल. मला हुंदका आला. तो मी गिळला, कारण पुढचं विचारायचं होतं आणि ते नर्सच्या आवाजात विचारायला हवं होतं.

"किती झाली? भांड्यावर आकडे आहेत बघ."

"साखरेने डोळ्यांना धुरकट दिसतं हो. आकडे कळत नाहीत." खाट पुन्हा करकरली. "ताई, तुम्हीच बघा."

मी उठले, पडदा सारला आणि आत गेले. त्याने भांडं दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. नजर माझ्याकडे नव्हती, पण तोंड भिंतीकडेही नव्हतं. मी ते घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं.

"साडेतीनशे," मी मोठ्याने वाचलं.